दिवसाआड यायचं

"हलू नका. हललात तर कानाऐवजी मानेला पट्टी बसेल."

पाठीमागून हे ऐकलं आणि तिला हसू फुटलं. तिथेच चुकलं, कान ठणकला.

सुपासारखे कान म्हणून घरात तिचं नावच सुपली पडलेलं. सत्ताविसाव्या वर्षी हिय्या करून तिने ते शस्त्रक्रियेने मागे बसवून घेतले. उजवा छान भरला. डाव्यामागे मात्र टाक्यांच्या टोकाला तांदळाएवढी जागा उघडी पडली. नेहमीची नर्स रजेवर, म्हणून पट्टीला आज हा ब्रदर आला होता. तोंडावर मास्क, समोरच्या आरशात दिसत होते ते नुसते डोळे. आणि डोळे तर हसत होते...

"घरी काय लावलंत यावर?"

"चिकटपट्टी. घट्ट. शिवणकाम करते मी, उसवलं की आधी धरून ठेवायचं."

"कापडाला चालतं ते. इथे आत ओल धरली, म्हणून भरेना. या सलाइनने हलकं पुसायचं, नखभर मलम, वर सैल गॉज. या कुशीवर झोपायचं नाही. लाली वाढली, पू दिसला, ताप आला, तर लगेच यायचं."

"आणि काहीच झालं नाही तर?"

"तरी... दिवसाआड यायचं."

झालं, पोरीचं चित्त थाऱ्यावर राहीना. जखम भरावी असंही वाटे, इतक्यात भरू नये असंही. हा जपतोय ते मला, की नुसत्या कानाला? एका खेपेला थट्टा करी, पुढच्या खेपेला तोंडाला कुलूप. सहाव्या खेपेला त्याने हातमोजे काढले आणि कागदावर सही केली.

"भरली जखम. आता यायची गरज नाही."

"मग... झालं?"

"झालं." वर बघितलंसुद्धा नाही मेल्याने.

दुकानात येऊन तिने उजवी बाही डावीकडे जोडली. काजं करणारी मावशी म्हणाली, "अगं, कान बसवलेस की डोकं?" तिला रडूच आलं.

चौथ्या दिवशी एक जण शर्ट घेऊन दारात उभा राहिला. "बगलेत उसवलाय जरा..."

चेहरा अनोळखी होता, पण आवाज ऐकून तिच्या हातातली टेप सुटली. तिने शर्ट उलटा केला, शिवण उजेडात धरली.

"ताणून तुटला की दोरा पिंजतो," ती म्हणाली. "हा कापलाय. एक सोडून एक टाका. जखमेचे टाके असे तुम्ही लोक काढता."

त्याचे कान लालबुंद झाले. "दवाखान्याचा नियम आहे... पेशंटशी पट्टीपुरतंच बोलायचं. तुमचा कागद बंद होईपर्यंत जीभ चावून बसलो. तुम्ही आवडता मला. यायला दुसरं निमित्त सुचलं नाही."

"आणि मी चार दिवस उलट्या बाह्या शिवतेय, त्याचं काय?" ती फणकारली. "मलाही आवडता तुम्ही. शर्ट चांगला होता हो, कशाला उसवलात?"

मावशीने मान खाली घालून काज धरलं, पण कान इकडेच.

"मग... कधी मिळेल?"

तिने सुईत दोरा ओवला. पाच मिनिटांचं काम होतं.

"वेळ लागेल," ती म्हणाली. "दिवसाआड यायचं."