चौथ्या आवृत्तीचा शेवटचा माणूस

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती, तर शेवट तरी बरा केला असता.

जिच्या बाबतीत घडली ती टूरिड आजही आमच्याच ऑफिसात, खिडकीजवळच्या टेबलावर बसते. तिने जे सांगितलं ते, आणि शेवटचं थोडं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं, एवढंच इथे आहे.

गाव ट्रोम्सो. महिना डिसेंबर. आणि वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारी बाराची.

पण त्या दिवसांत तिथे सूर्य उगवतच नाही. बारा वाजता दक्षिणेकडे जरा निळसर दिसतं आणि तेही लगेच विझतं. दुपार झाली हे घड्याळाकडे बघूनच कळायचं.

आमची कंपनी लहान. ब्राउझर बनवते. इंटरनेटवरची पानं ज्यातून बघायची ती खिडकी म्हणा ना. दर काही आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायची आणि जुन्या हळूहळू बंद करायच्या, हेच आमचं काम. या जुन्या आवृत्त्या टूरिड सांभाळायची. मागच्या खोलीत जुनी मशिनं मांडून ठेवलेली असत, आणि कुठलं पान कुठल्या आवृत्तीत मोडतं ते ती बघायची. नव्या पोरांना ती खोली म्हणजे अडगळ वाटे. टूरिडचा जीव होता त्या अडगळीवर.

कॉफीच्या मशिनवर भिंतीला एक मोठा पडदा आहे. कुठली आवृत्ती या क्षणी किती जणांनी उघडलेली आहे, त्याचे आकडे त्यावर असतात. ताज्या आवृत्तीचा आकडा लाखांत. खाली खाली येत शेवटची ओळ चौथ्या आवृत्तीची.

तिथे गेली दोन वर्षं एकच आकडा यायचा.

एक.

हा एक म्हणजे टूरिडचा थोरला भाऊ, एलर्ट. स्कार्वोया बेटावर एकटा राहायचा. लहान बोट, मासेमारी, आणि स्वयंपाकघरात एक जुनं मशीन. टूरिड नोकरीला लागली त्या हिवाळ्यात तिने स्वतः त्यावर चौथी आवृत्ती टाकून दिली होती. त्यानंतर त्याने ती बदलली नाही.

सकाळचं जाळं उचलून तो दुपारी घरी यायचा, कॉफी ठेवायचा आणि हवामान बघायला मशीन लावायचा. की इकडे भिंतीवर एक उमटायचा. "भाऊ घरी आला गं तुझा," असं कुणीतरी कॉफी भरता भरता ओरडायचं. टूरिड मान वर न करता हसायची.

आता एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हल्लीचे ब्राउझर विचारत नाहीत. नवी आवृत्ती गुपचूप येते आणि बसते, तुम्हाला पत्ताही लागत नाही. जुने तसे नव्हते. ते अदबीने विचारायचे. पडद्यावर करड्या रंगाची चौकट यायची: 'नवी आवृत्ती आली आहे. घ्यायची का?' खाली दोन बटणं. 'हो' आणि 'नंतर'. माणसाने हाताने दाबलं तरच उत्तर आमच्याकडे पोचायचं. कुणी दाबलंच नाही, तर काहीच यायचं नाही.

एलर्ट रोज 'नंतर' दाबायचा.

उन्हाळ्यात टूरिड बेटावर गेली की हाच वाद. ती म्हणायची, एकदा तरी हो म्हण. तो म्हणायचा, "बारके, तुमचं नवं म्हणजे जुनाच कोट, फक्त खिसे काढून टाकलेला. हवामान दिसतंय ना मला? मग नंतर बघू."

त्या वर्षी ऑक्टोबरात एलर्टची बोट सापडली. इंजिन चालू होतं. डब्यात अर्धा खाल्लेला पाव होता.

एलर्ट नव्हता.

आठवडाभर शोधलं. समुद्राने त्याला परत दिलं नाही.

भिंतीवरचा चौथ्या आवृत्तीचा आकडा शून्य झाला. सिंद्रे, आमचा प्रमुख, वयाने टूरिडचा मुलगा शोभेल एवढा. त्याने दुसऱ्याच दिवशी ती ओळ झाकायला कागद लावला होता. टूरिडने तो काढून टाकला. राहू दे म्हणाली.

नाताळात तिथे सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. अख्खं स्मशान उजळतं. टूरिडला मेणबत्ती लावायलाही जागा नव्हती. लग्न केलं नव्हतं, आईवडील लवकर गेलेले, होता तो हा एक भाऊ. तिला त्याचं एवढंच सारखं टोचायचं, की कुठे उभं राहून त्याला आठवायचं?

डिसेंबरातल्या पहिल्या सोमवारी ती कॉफी भरत होती. बारा वाजले होते.

मागे कुणाचं तरी बोलणं चालू होतं...

ते मध्येच थांबलं.

तिने वर पाहिलं.

चौथी आवृत्ती... एक.

तिच्या हातातला कप भरून वाहिला तरी तिला कळलं नाही. धावत जागेवर येऊन तिने पाहिलं. प्रश्न गेला होता. उत्तरही आलं होतं.

'नंतर.'

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्याही दिवशी. बाराच्या सुमारास एक, आणि मागोमाग 'नंतर'.

सिंद्रेने तिला समजावलं. कुणीतरी जुनं मशीन उचललं असेल, किंवा आपलाच सर्व्हर घोळ घालत असेल. टूरिड म्हणाली, पत्ता एलर्टच्याच घरचा दिसतोय. मग सिंद्रेने वायर, लाईन, असं बरंच काही बोलून पाहिलं. स्वतःचं स्वतःलाच पटेना, तेव्हा विषय सोडला.

अडचण वेगळीच होती. नाताळाआधीच्या शुक्रवारी चौथी आवृत्ती कायमची बंद करायची, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलं होतं. आणि आमच्याकडे रीत अशी, की जिने आवृत्ती सांभाळली तिनेच ती आपल्या हाताने बंद करायची. शुक्रवारच्या वाफल्स खायला सगळे जमतात. सांभाळणारी शेवटचं एक पान पाठवते. त्यावर दोनच शब्द असतात: 'सगळ्याबद्दल आभार.' मग आमच्याकडून त्या आवृत्तीला उत्तरं देणं थांबतं. त्यानंतर तिने कितीही हाक मारली तरी पलीकडे कुणी नसतं.

हेच दोन शब्द तिथे थडग्यांवर कोरतात.

टूरिडला ते पाठवायचे होते. ज्याला थडगं नाही त्याला.

त्या शुक्रवारच्या आधीच्या बुधवारी ती बोटीने स्कार्वोयाला गेली.

धक्क्यावर ओड्वार आला होता, एलर्टचा शेजारी, डोक्याला दिवा बांधून. किल्ली त्याच्याकडेच असायची. वाटेत तो म्हणाला, वीज नोव्हेंबरातच तोडलीय. मशिनच्या वायरी मी स्वतः गुंडाळून ठेवल्यात, उंदीर कुरतडतील म्हणून.

दारापाशी त्याने किल्ली तिच्या हातात ठेवली.

"तू आत ये ना," टूरिड म्हणाली.

"मी इथे बरा आहे."

"बाहेर गारठशील."

ओड्वारने बुटाने बर्फ उकरला. "सकाळी म्हणशील तर येईन. संध्याकाळी येईन. दुपारी नाही जात मी आता या घरात."

टूरिड एकटीच आत गेली.

आत काळोख. भिंतीला एलर्टचा रेनकोट. ओट्यावर पालथी घातलेली किटली. तिने बटण दाबून पाहिलं. दिवा लागला नाही.

मशीन टेबलावरच होतं. वायर गुंडाळून वर ठेवलेली. पडद्यावर धूळ. ती समोरच्या खुर्चीत बसली. वायरीचं टोक तिने मुठीत घट्ट धरून ठेवलं आणि सिंद्रेला फोन लावला. तो ठरल्याप्रमाणे भिंतीसमोर उभा होता.

"शून्य आहे," तो म्हणाला.

ती थांबली.

घरात कसलाच आवाज नव्हता. घड्याळही बंद पडलेलं. बाहेर समुद्र असायला हवा होता...

पण त्याचाही आवाज येईना.

"अजून शून्यच," सिंद्रे म्हणाला. "टूरिड, ये परत. आपण उगाच..."

टिक्.

एकदाच. अगदी तिच्या कोपराजवळ. माऊस दाबल्याचा आवाज ती तीस वर्षं ऐकत होती. दुसरा कसला असता तर तिला कळलं असतं.



"एक झाला," सिंद्रे फोनवर म्हणाला.

"उत्तर?"

"...नंतर."

पडदा काळाच होता. वायर तिच्या मुठीत होती. तिने दुसरा हात हळूच पुढे नेला आणि माऊसवर ठेवला.

ओला होता.

तिने बोट जिभेला लावलं.

खारट.

भीती वाटली का, असं मी तिला नंतर विचारलं होतं. ती म्हणाली, भीती परतीच्या बोटीत बसल्यावर वाटली. तिथे बसले होते तेव्हा फक्त एवढंच वाटलं, की किती दिवसांनी कुणीतरी शेजारी आहे.

शुक्रवार आला.

वाफल्सचा वास, जॅम, तपकिरी चीज. सगळे कागदी बशा घेऊन टूरिडच्या टेबलाभोवती उभे. थट्टामस्करी कुणाला सुचत नव्हती. सिंद्रेने तिला हळूच सांगितलं होतं, नको असेल तर मी करतो. ती म्हणाली, माझं काम आहे.

बारा वाजले. भिंतीवर एक आला.

टूरिडने ते दोन शब्द लिहिले. सगळ्याबद्दल आभार. बोट बटणावर ठेवलं.

आणि तिच्याने होईना.

हे पाठवलं की तो उद्याही हाक देणार, परवाही देणार. त्या काळोख्या घरात बसून रोज वाट बघणार, आणि इकडून कुणी काही बोलणार नाही. तिला हे सहन होईना. तिला वाटलं, यातून एकच वाट आहे. चौथी आवृत्ती मरणार असेल तर मरो. एलर्टला तेवढं तिच्यातून बाहेर काढू. नव्या आवृत्तीत आला की त्याला कुणी बंद करणार नाही.

तिने ते शब्द पुसले. आणि तोच जुना प्रश्न पुन्हा पाठवला.

नवी आवृत्ती आली आहे. घ्यायची का?

"एलर्ट," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "या वेळी हो म्हण. माझ्यासाठी."

कुणी घास चावत नव्हतं.

काहीच आलं नाही...

काहीच नाही...

'हो.'

भिंतीवर चौथ्या आवृत्तीचा आकडा शून्य झाला. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग स्वतःच ओशाळून थांबलं.

टूरिड वर बघत होती. ताज्या आवृत्तीचा लाखांतला आकडा सारखा वरखाली होत होता. त्यात कुठेतरी एकाची भर पडली होती. कुठला एक, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. जत्रेत पोराचा हात सुटावा तशी ती त्या आकड्याकडे पाहत राहिली.

वाचवायला गेली आणि हरवून बसली. तेव्हा तिला असंच वाटलं.

नाताळच्या आदल्या दिवशी ती घरी एकटी होती. खिडकीत दिवे लावले होते. लोक मेणबत्त्या घेऊन स्मशानाकडे चालले होते, ते तिला वरून दिसत होते. हवामान बघावं म्हणून तिने मशीन उघडलं.

बारा वाजले होते.

पडद्याच्या मधोमध... एक चौकट आली.

करडी. जुन्या अक्षरांची.

'नवी आवृत्ती आली आहे. घ्यायची का?'

हो. नंतर.

तिच्या मशिनवर सगळ्यात ताजी आवृत्ती होती. त्यापुढची अजून बनलेलीच नव्हती. आणि ती चौकट तर आम्ही कित्येक वर्षांपूर्वी काढून टाकलेली. सुट्टीनंतर सिंद्रेने सगळं खणून पाहिलं, एकूण एक ओळ वाचली. ती चौकट कुठेही नव्हती. त्याने टूरिडला नवं मशीन दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यावरही आली.

रोज येते. घरी असली तर घरी, ऑफिसात असली तर ऑफिसात. फक्त तिच्याच पडद्यावर.

जानेवारीत सूर्य परत येतो, त्या दिवशी ट्रोम्सोत सगळे आत जॅम भरलेले गोड पाव खातात. आम्हीही खात होतो. डोंगरामागून जरासा उजेड आला, सगळे खिडकीशी धावले. टूरिड मात्र हातातला पाव खाली ठेवून जागेवर गेली. मी तिच्या मागे गेलो.

चौकट मी पाहिली. माझ्या डोळ्यांनी.

तिने शांतपणे माऊस धरला. पण लगेच दाबलं नाही. बाण दोन बटणांच्या मध्ये बराच वेळ उभा होता.

"इतकी वर्षं मी त्याला विचारत आले," ती म्हणाली. "आता तो मला विचारतो."

मी म्हणालो, "हे बंद करता येईल. सिंद्रे काहीतरी करेल."

"कशाला? दिवसातून एकदा तरी कुणीतरी विचारतं मला."

तिने 'नंतर' दाबलं. चौकट गेली. मला हायसं वाटलं, आणि ते बहुधा माझ्या तोंडावर दिसलं, कारण ती हसली.

"तोही रोज नंतरच म्हणायचा," ती म्हणाली. "पण मी एकदा मनापासून विचारलं, तर हो म्हणालाच ना."

ती उठून खिडकीशी गेली. मी तिथेच राहिलो होतो. वळता वळता माझा हात तिच्या माऊसला लागला. तो ओला होता.

तेव्हापासून रोज बाराच्या आधी मी काहीतरी निमित्त काढून तिच्या टेबलाशी जातो. कधी कॉफी, कधी नुसत्या गप्पा. ती ओळखून आहे.

कालही तिने 'नंतर'च दाबलं.

आजचे बारा अजून वाजायचे आहेत.