बिनहाडाची सोंड

"सोंड चुकलीय हो."

पेणमध्ये, गणपतीच्या कारखान्यात उभं राहून असं म्हणायला माणूस एक तर वेडा हवा, नाही तर बाहेरगावचा. नमितानं हातातला ब्रश तसाच ठेवून मान वर केली. रामवाडीतला हा कारखाना तिच्या बाबांचा, पुंडलिकांचा. त्यांच्या मूर्ती पार मुंबईपर्यंत जात. सोंडेकडे बोट दाखवायची छाती आजवर एकाही गिऱ्हाइकाची झाली नव्हती.

पण या उंच, सावळ्या तरुणाचं बोट मूर्तीकडे नव्हतंच. कोपऱ्यातल्या टेबलावर नमिताची सोंड पडली होती... काळ्या रबराची, हातभर लांब. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा तिचा प्रोजेक्ट. हत्तीच्या सोंडेसारखा वळणारा आणि नाजूक वस्तू न चिरडता उचलणारा यंत्राचा हात.

"तुम्ही कोण?" तिनं विचारलं.

"प्रणित. रोह्याला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. माघी गणपतीची मूर्ती न्यायला आलो होतो."

"मग मूर्ती न्या."

"नेतो की. पण ही कोपरासारखी एकाच जागी मोडते बघा. आत काय घातलंय?"

"तार."

"का?"

"का म्हणजे? सोंडेत तार असतेच."

"कुठल्या हत्तीच्या?"

नमिताचे कान तापले. चूक तिला त्याच क्षणी कळली होती. शाडूची सोंड वळताना आत तार घालायची, नाही तर ओली माती गळून पडते, हे ती परकर नेसायच्या वयात शिकली होती. रबराची सोंड करतानाही हातानं आपसूक तार आत सारली. ही चूक करायला माणूस पेणमध्येच जन्माला यावा लागतो. पण कबूल करेल ती नमिता कसली.

"रोह्यात हत्ती फार झालेत वाटतं," ती म्हणाली.

"हत्ती नाहीत..." त्याचा चेहरा गंभीर, डोळे मात्र हसत होते. "पण सोंडेची सख्खी बहीण आहे. तिच्यातही एक हाड नाही. रविवारी रोह्याजवळ निडीला या, भेटवतो."

मूर्ती उचलताना त्यानं एक तळवा खाली, एक पाठीशी असा धरला, तान्हं मूल घ्यावं तसा. नमितानं ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण कॉलेजातल्या विभागप्रमुखांशी तिचं वाजलं होतं. "यंत्र म्हणजे लोखंड. असली रबरी खेळणी मी पास करणार नाही," असं ते म्हणाले. त्यावर ती ताडकन बोलून बसली होती, "परीक्षेत ओल्या मातीची मूर्ती उचलून दाखवते. तिच्यावर ठसा उमटला तर खुशाल नापास करा." सरांनी ते लगेच मान्य केलं. आता एक तर सोंड वळणार होती, नाही तर वर्ष जाणार होतं.

रविवारी ती निडीला उतरली. स्टेशनबाहेर प्रणित त्याची एम-एटी स्कूटर घेऊन उभा. शेतांमधून वाल फुलला होता, आणि गाडी खड्ड्यातून गेली की तिच्या हाताला धरायला त्याच्या खांद्याशिवाय काही नव्हतं. डॉक्टरांना खड्डे चुकवता येत नव्हते, की चुकवायचे नव्हते, कोण जाणे.

सोंडेची सख्खी बहीण गावातल्या ठमाबाईंच्या गोठ्यात होती. म्हशीची जीभ.

"हात घाला," प्रणित म्हणाला.

"तोंडात?"

"इंजिनिअर ना तुम्ही? माप नको घ्यायला?"

तिनं ओठ घट्ट मिटून हात पुढे केला. गरम, खरखरीत जीभ मनगटाभोवती वळली आणि हात चक्क आत ओढू लागली. प्रणितनं तिचा दुसरा हात धरला.

"घाबरू नका."

"मी नाही घाबरत."

"मग सोडू हात?"

"...थोड्या वेळानं."

त्यानं हात सोडला नाही.

पण पटेल तर शपथ. "आत हाड नाही, तर जोर येणार कुठून?" ती वाद घालू लागली. "लिबलिबीत वस्तू ती. डॉक्टर, तुमची अक्कल या म्हशीनं चाटून साफ केलीय."

ठमाबाई शेणाचा हात कमरेवर ठेवून वळल्या. "अगो, डॉक्टरना असा बोलतात? तुझ्या जिभेला काय हाड हाय का नाय?"

नमितानं ठमाबाईंकडे पाहिलं, मग म्हशीकडे.

"नाय," ती हळूच म्हणाली. "नाय हाड. आणि तरी केवढी चालते."

प्रणित गवतावर बसून हसला. मग त्यानं तिच्या तळहातावर बोटानं रेघा काढून दाखवल्या. जिभेत काही स्नायू लांबीत असतात, काही आडवे. आडवे आवळले की जीभ बारीक होते, आणि आतल्या मांसाला दुसरीकडे जागाच नसते, म्हणून ती पुढे पळते. समजावून झालं तरी बोट तळहातावरच होतं.

नमितानं तार उपसून फेकली. सायकलच्या तीन ट्यूबा घेतल्या, प्रत्येकीवर नायलॉनच्या दोऱ्याचे घट्ट वेढे दिले. हवा भरली की ट्यूब जाड होऊ शकेना, ती लांब होऊ लागली. तिन्ही एकत्र बांधून एकीतच हवा भरली, तर सगळी सोंड दुसऱ्या बाजूला वळू लागली. वेढे सुटले, ट्यूबा फुटल्या, तिनं पुन्हा बांधल्या. प्रणित दर रविवारी पेणला येई आणि पंप मारी. मधे ठमाबाईंच्या शेतात पोपटी लागली, मडक्यात वालाच्या शेंगा भरून जाळात भाजायची. मडक्यातल्या वाफाळत्या शेंगा त्यानं फुंकर मारून आधी तिच्या हातावर ठेवल्या, आणि तिला फार बरं वाटलं. तो तिला आवडत होता. अगदी मनापासून आवडत होता.

"तार काढलीस? सोंड पडंल नं गो," पुंडलिक म्हणाले.

"नाय पडणार, बाबा."

सोंड तिच्या हातातल्या हवेच्या झडपांवर वळताना ते बराच वेळ पाहत राहिले. मग परीक्षेसाठी वीतभर गणपती त्यांनी स्वतः घडवला. "बोट टेकलास तरी ठसा उठंल, अशी ओली माती देतंय," ते म्हणाले. "उचल आता."

मे महिन्यात परीक्षा झाली. पंप मारायला येणार होती ती वर्गमैत्रीण अनिता कांजिण्यांनी अंथरुणात, म्हणून पंपावर प्रणित उभा राहिला. बाहेरून आलेले परीक्षक चष्म्यावरून बघत होते. नमितानं एकेक झडप फिरवली. सोंड लांबली, मूर्तीच्या मागून वळून आली आणि अलगद बिलगली. मूर्ती टेबलावरून उठली.

"वा," परीक्षक म्हणाले, आणि प्रणितकडे वळले. "तुम्ही बनवलंत?"

नमितानं झडपेवरून मान वर केली.

"नाही सर. डिझाइन हिचं, जोडणी हिची, चुकासुद्धा हिच्याच. मी फक्त हिला एक म्हैस दाखवली." हे सांगताना त्याची छाती अशी फुगली होती, की जणू त्याचाच सत्कार चाललाय. आणि 'यांचं' न म्हणता तो पहिल्यांदाच 'हिचं' म्हणाला होता.

"म्हैस?" परीक्षक गोंधळले. "तुम्ही यांचे कोण?"

पंप थांबला.

"होणारे नवरे," नमिता म्हणाली. झडपेवरचा हात जागचा हलला नाही. "म्हणजे... त्यांनी अजून विचारलेलं नाही."

विभागप्रमुखांच्या कपातला चहा बशीत सांडला.

"निकाल लागला की विचारणार होतो," प्रणित कसाबसा म्हणाला. "नापास झाली असतीस तरी."

"तरी?"

"तरी. पण तू पास झाल्याशिवाय हो म्हणणार नाहीस, हे ठाऊक होतं."

"आधी मूर्ती खाली ठेवा," परीक्षक म्हणाले.

तिनं ती खाली ठेवली. परीक्षकांनी चष्मा काढून मूर्तीची पाठ पाहिली, पोट पाहिलं, दोन्ही बाजू पाहिल्या. मग विभागप्रमुखांना जवळ बोलावून तेच दाखवलं. ओल्या मातीवर एकही ठसा नव्हता.

नमितानं मान ताठ केली.

"आता विचार," ती म्हणाली.

"नमिता, माझ्याशी लग्न—"

"हो."