म्हाजुई

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत जेवणाची सुट्टी पाऊण तासाची असे, आणि त्यातला निम्मा वेळ ती फॅनफिकला देत असे. बंद पडलेल्या एका मालिकेतली तारा काही केल्या तिच्या मनातून जाईना, म्हणून सहा वर्षं ती तारावर स्वतःच्या कथा लिहून चाहत्यांच्या संकेतस्थळावर टाकत होती. तिथले शिष्टाचार तिला तोंडपाठ होते. कथेत काही क्लेशदायक असेल तर माथ्यावर तसे इशारे द्यावेत, "पुढचा भाग कधी?" म्हणून लेखकाच्या मानगुटीवर बसू नये, न विचारता चुका काढू नयेत. आणि दुसऱ्याची कथा उचलू नये. उचललीच तर निदान श्रेय द्यावं.

"मोरपंखी" असं टोपणनाव घेतलेल्या बाईने तिची भागाभागाने चालू असलेली कथा उचलली. अख्खी. तारा दिसेल तिथे जुई घाल, एवढं संगणकाला सांगून मोकळी झाली. वाचायचे कष्टही घेतले नाहीत. त्यामुळे दारात "एक म्हातारा" उभा होता तिथे "एक म्हाजुई" उभा राहिला, आणि उतारावरची गाडी "उजुईवर" थांबली. तरी खाली तीनशे जणांची वाहवा होती!

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तरीही तिने सभ्य शब्दांत श्रेय मागितलं. मोरपंखीचं उत्तर आलं, "तुम्ही तरी तारा मालिकेतूनच ढापलीत ना? उगाच गळे कशाला काढताय?" संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी उलट तिलाच दटावलं: ताई, इथे भांडणं नकोत.

"सोड ना, चिमी," धाकटी बहीण म्हणाली. घरात दोघीच राहत. धाकटी असून ती हिला चिमीच म्हणायची; ते नाव घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

"का सोडू? सहा वर्षं घासलीयेत मी. त्या कथेवर माझं नाव हवंय मला."

पुढच्या भागात तिने रागाच्या भरात ताराला जिन्यावरून ढकललं आणि मनगट मोडलं. तासाभरात तो भाग जुईच्या नावाने मोरपंखीच्या पानावर आला. तिसऱ्या दिवशी तिथे सूचना दिसली: "जिन्यावरून पडले. मनगट प्लॅस्टरमध्ये. उशीर होईल, सांभाळून घ्या." मेणाचे दात कोरता कोरता ती खुदकन हसली. योगायोग, पण झकास.

मग तिने ताराचा डावा कान बंद केला. तोही भाग उचलला गेला. आठवड्याभरात मोरपंखीला डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. डॉक्टरांना कारण सापडेना, असं तिनेच पानावर लिहिलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "जुई, जप गं स्वतःला." म्हणजे जुई हे त्या बाईचं स्वतःचंच नाव होतं.

तिच्या हातातली कोरणी थांबली. खरं तर भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

शेवटचा भाग तिने दोन रविवार दुपारी निवांत बसून लिहिला. जखम नाही, रक्त नाही. तारा घरी येते आणि घरातलं माणूस तिला ओळखत नाही. बस्स. माथ्यावर इशारा द्यायला हवा होता. तिने मुद्दामच दिला नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तिने मोरपंखीचं पान उघडलं. भाग आला होता. वर एक ओळ होती: "चुकले. ही कथा माझी नाही. श्रेय जिचं तिला." आणि पुढे हिचं टोपणनाव.

खाली अभिनंदनांची रीघ लागली होती. तिचे डोळे भरून आले. ती वाचू लागली.

"चिमी घराच्या पायऱ्या चढली."

जुई कुठेच नव्हती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चिमी. शेजारचा म्हातारासुद्धा "म्हाचिमी" झाला होता.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती घरी धावली. किल्ली कुलपात फिरेना. तिने घंटा वाजवली.

बहिणीने दार उघडलं.

"कोण हवंय आपल्याला?"

"अगं, मी..."

"पत्ता चुकलात वाटतं. इथे मी एकटीच राहते." तिचा चेहरा पाहून बहिणीचा आवाज मऊ झाला. "उन्हातून आलात. थांबा हं, पाणी आणते."

आत जाण्याआधी तिने दाराला साखळी लावली.