डाव्या अंगाची हीर

जैसलमेरला निघालाय व्हय? दोन दिवसांत किल्ला बघायचा, आन डोंगरबी चढायचा! जावा की. कोण न्हाई म्हणतंय? पण शिवतेज, तो मोबाईल जरा खाली ठेव गड्या, आन ऐक. आमच्या शेजारच्या भाऊसोवर बेतल्याली गोष्ट हाय. ऐकीव न्हाई. त्या राती मी त्येच्याच सोप्यात बसलो व्हतो.

एकोणीस नोव्हेंबर, दोन हजार बावीस. शनिवार. रात्रीचं पावणेनऊ. दुसऱ्या दिवशी एकादस, म्हणून बयावैनी आत शाबू भिजवत व्हत्या. मी मोटारीचा पाना मागायला गेलतो. भाऊसो पाना हुडकत व्हता, तेवढ्यात त्येचा फोन वाजला. भाची अंकिता. ती आन तिचा नवरा वीरधवल, दोघंबी पुण्याला नोकरीला, सुट्टी साधून जैसलमेरला गेल्याली. भाऊसो मिलिट्रीत असताना तिकडंच व्हता, म्हणून पोरगी सगळं त्येला इचारूनच ठरवायची. भाऊसोनं स्पीकर लावला.

‘मामा, किल्ला झाला, हवेल्या झाल्या, तलावावर फोटो काढले. उद्या पहाटे डोंगरावर चालत जायचंय. कुठनं चढू?’

भाऊसो खूश. ‘पवनचक्क्यांच्या बाजूनं चढा. आपल्या चाळकेवाडीवानी पवनचक्क्या झाल्यात म्हणं आता तिथं. पायवाट सोडू नका. दोघांत सहा लिटर पाणी घ्या, आन धाच्या आत माघारी...’

मधीच खरखर झाली. आन दुसराच आवाज आला. कोरडा. जीभ टाळ्याला चिकटल्यावानी.

‘माथ्यावरनं डाव्या अंगाला उतर. हीर हाय. पाणी हाय.’

मी भाऊसोकडं बघितलं. त्येचं तोंड मिटल्यालं व्हतं.

‘मामा, घसा बसला का ओ तुमचा?’ अंकिता हसली. ‘पण कळलं. डावीकडं उतरायचं. विहीर आहे म्हणजे बरंच झालं, पाण्याचं ओझं कमी.’

‘अंके! मी न्हाई बोललो ते! डावीकडं जाऊ नगंस!’

‘चला, ठेवते हं मामा.’

‘अगं ऐक...!’

ती ऐकतच नव्हती. तिला ऐकूच जात नव्हतं. फोन कट झाला.

भाऊसोनं लगेच परत लावला. लागला न्हाई. आन मग बयावैनीलाबी कधी सांगितलं नव्हतं, ते त्येनं आमाला सांगितलं. एकोणनव्वदचा जून. वाळव्याकडचा अर्जुना त्येचा जोडीदार. वाळूच्या वादळात चुकला. पाठीवर वायरलेसचा सेट. इकडं चौकीत भाऊसो नकाशा पसरून बसल्याला. नकाशात हीर दिसली, म्हणून भाऊसोनंच सेटवर सांगितलं... माथ्यावरनं डाव्या अंगाला उतर. हीर हाय. पाणी हाय.

दोन तासांनी अर्जुना बोलला. ‘हीर घावली रं, भाऊसो. आत वाळू हाय.’

त्येच्यानंतर काय न्हाई. चौथ्या दिवशी घावला. हिरीला पाठ टेकून बसल्याला.

‘मगाचा आवाज त्येचा व्हता,’ भाऊसो म्हणला. ‘शब्द माझं.’

मग रातभर फोन. अंकिताचा बंद. वीरधवलचा बंद. पुन्हा लाव. पुन्हा बंद. कुठल्या हॉटेलात उतरल्यात, त्येबी आमाला ठावं न्हाई. अंकिताच्या आईला, विजयमालाला कराडला फोन करून उठवलं. तिनं मेसेज चाळून चाळून नाव काढलं. हॉटेलातला फोन उचलला तवा सहा वाजल्यालं.

‘साहब-मॅडम तो पाँच बजे ही निकल गये।’

माणूस भला व्हता. लगेच जीप काढली त्येनं. पोलिसांत कळवलं. पण इचारलं, ‘कौनसी पहाड़ी, अंकल?’

भाऊसोला सांगता येईना. त्येच्या डोसक्यात तेहतीस वर्षांमागचा नकाशा. पवनचक्क्यांची म्हणावं, तर आता तिथं चहूकडं पवनचक्क्या, नवं रस्तं, खाणी, कुठं काय. नकाशा वाचणारा गडी, ढसाढसा रडला.

रविवार गेला.

शाबू तसाच भिजून पडला.

रात झाली. जीप हात हलवत माघारी आल्याचं कळलं. वैनी देवापुढं बसल्या. मी घरी जाऊ शकलो न्हाई. भाऊसो नुसता फोनकडं बघायचा. फोन गप.

सोमवारी दुपारी एक वाजता वाजला.

एका मेंढरंवाल्याला घावली दोघं. माथ्याच्या डाव्या अंगाला, हिरीच्या कडंला. वीरधवल बेशुद्ध, उतरताना पडून पाय मोडल्याला. अंकिता हिरीला पाठ टेकून, त्येचं डोस्कं मांडीवर घेऊन बसल्याली. जगली. दोघंबी जगली. जावई पंधरा दिवस दवाखान्यात व्हता. पण भाऊसो त्या दिसापास्नं फोन कानाला लावत न्हाई. वाजला की वैनी उचलत्यात, आन हा अंगणात निघून जातो.

पुढं दिवाळीला अंकिता आली व्हती. मामाला न्हाई, मला येकट्याला तिनं सांगितलं. हीर वाळूनं गच्च बुजल्याली. त्यांच्या बाटल्या रविवारी दुपारीच सपल्याल्या. आसपास पाण्याचा थेंब न्हाई. पण सोमवारी मेंढरंवाला हाका मारत आला तवा तिनं मान वळवली, तर हिरीच्या दगडावर, अगदी तिच्या खांद्याला लागून, माणसाचा पंजा उमटल्याला.

ओला.

पाचबी बोटं. मोठा पंजा, गड्याचा. मेंढरंवाल्यानं हात लावून बघितला. गार लागला. त्यो दोन पावलं मागं सरला, आन लांब जाऊन उभा ऱ्हायला.

डोक्यावर ऊन. तव्यावानी तापल्याला दगड. गाडी यायला दीड तास लागला.

तवर पंजा वाळला न्हाई.