उलटी चढवलेली गाडी

ज्याला खोटं वाटायचं त्याला खुशाल वाटू दे. मी घडलं तेच सांगते, पदरचं एक अक्षर घालत नाही.

रात्र नव्हती. भर दुपार होती. थंडीचे दिवस, लख्ख ऊन आणि घाटाआधीचा सरळ रस्ता. म्हणून तर जास्त भीती वाटते... अंधाराला दोष देता येत नाही.

आमचे हे शौकिनांच्या जुन्या मोटारी पोचवतात. पुढे आमची जीप, मागे चारी बाजूंनी बंद ट्रेलर. मध्यंतरी यांना गाडी चालवताना डुलकी लागली होती. तेव्हापासून मी शेजारी बसते. नवरा एकच आहे, सांभाळायला नको?

त्या दिवशी एका म्हाताऱ्या मालकांची गाडी न्यायची होती. मालक वारलेले. मुलीने गॅरेज उघडून दिलं. आत सगळं जागच्या जागी. दोऱ्या, पट्टे, पाण्याचा पाइप... प्रत्येकाचं टोक घट्ट गुंडाळून खोचलेलं.

"बाबांची सवय," ती म्हणाली. "लोंबतं टोक दिसलं की त्यांना चैन पडायचं नाही. गाडी कुठे न्यायची तर बांधायचेही स्वतःच. दुसऱ्याच्या हातावर विश्वासच नव्हता."

मी यांच्या मफलरकडे बघितलं. एक टोक पोटावर, एक पाठीवर.

"शिका जरा," म्हटलं. हे नुसते हसले.

गाडी भिंतीकडे तोंड करून उभी. गल्ली अरुंद, वळवायला जागा नाही. खरं तर इंजिनाची बाजू ट्रेलरमध्ये पुढे हवी. वजन मागे गेलं की उतारावर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि मग जीपलाही फरफटत नेतो. हे मला यांनीच शिकवलेलं. पण त्या दिवशी कंटाळा केला.

"अहो, उलटी चढतेय."

"चालतंय गं. हळू जाऊ."

गाडी तशीच पाठमोरी आत ढकलली. काचा मी आधीच वर करून ठेवल्या होत्या. यांनी चाकांवर पट्टे आवळले, मागचं दार लावून कुलूप घातलं. किल्ली यांच्या खिशात. दार बंद होताना गाडीचे दोन्ही दिवे आमच्याकडेच बघत होते.

शहर मागे पडलं, आणि आवाज सुरू झाला...

घर्र... फळीवर टायर घासल्यासारखा.

मग एक हिसका. जीप मागे ओढली गेली... आणि सुटली.

"पट्टा ढिला झाला असेल," हे म्हणाले.

थोडं अंतर गेलं की थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, हा या धंद्यातला नियमच. घाटाच्या तोंडाशी थांबलो. कुलूप जसंच्या तसं. यांनी दार खाली सोडलं.

आणि तसेच उभे राहिले.

समोर दिवे नव्हते.

गाडीची पाठ होती.

आई शप्पथ सांगते... तो ट्रेलर एवढा अरुंद की आत गाडीचं दारसुद्धा धड उघडत नाही, माणसाला खिडकीतून बाहेर यावं लागतं. तिथे अख्खी गाडी फिरणार कशी? आम्ही वाटेत कुठे थांबलोही नव्हतो. पण गाडी सुलटी उभी होती, तोंड पुढे करून. पट्टे करकचून आवळलेले. आणि प्रत्येकाचं टोक... घट्ट गुंडाळून खोचलेलं.

ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली होती.



घाट उतरताना वळणावर एक बस अंगावर आली. यांनी करकचून ब्रेक मारला. ट्रेलर जरासुद्धा हलला नाही. गाडी उलटीच असती तर हे सांगायला आज मी नसते. मी मनातल्या मनात त्या बाबांना हात जोडले.

गाडी पोचवली, उतरवली. सुटलो म्हटलं.

कुठलं काय!

पुढची गाडी वेगळ्याच मालकाची. वाटेत थांबलो तर पट्टे आधीच आवळलेले. टोकं खोचलेली. गाडी गेली होती... बाबा उतरलेच नव्हते.

हळूहळू हे निर्धास्त झाले. "बिनपगारी माणूस मिळाला," म्हणायचे. वाटेत थांबणं बंद. तपासणं बंद. पट्टे नुसते अडकवायचे नि निघायचं. मी भांडून भांडून दमले.

"अहो, ते आहेत तोवर ठीक. एक दिवस निघून गेले म्हणजे?"

"लोकांना भुताची भीती वाटते. तुला भूत जाईल याची!" आणि खो-खो हसायचे.

खरंच होतं ते. मला तीच भीती होती.

परवा घाटाआधी मी हट्टाने थांबायला लावलं. हे जागचे हलले नाहीत. मी किल्ली मागून घेतली, एकटी मागे गेले, दार खाली सोडलं.

पट्टे ढिले होते.

टोकं लोंबत होती.

आत कोणी नव्हतं... म्हणजे, ते नव्हते. कसं कळलं, विचारू नका. देवाचं नाव घेत मी एकेक पट्टा आवळला. यांना आता चांगली सुनावते म्हणून तरातरा पुढे आले, जीपचं दार उघडलं.

हे शीळ घालत बसले होते.

मफलरचं एकही टोक लोंबत नव्हतं.

दोन्ही टोकं घट्ट गुंडाळून... गळ्यापाशी खोचलेली.

"हे कधी केलंत?" मी विचारलं.

"काय?" म्हणाले, आणि गळा चाचपायला लागले.

मफलर सुटेना. दोघांनी मिळून ओढला तेव्हा सुटला. तिथेच रस्त्याकडेला फेकून दिला.

आता गाडी थांबली की मी आधी मागे जात नाही. आधी यांचा गळा बघते.