पाच मिलिमीटरचं भांडण

जिना चढताना मी इतकी तणतणत होते, की दारातून कुणी बाहेर येतंय हे दिसलंच नाही. धडक बसली, हातातला खोका उपडा झाला आणि सगळे बोल्ट टणाटण पायऱ्या उतरत गेले.

"माफ करा... लागलं का?" तो खाली बसून बोल्ट वेचायला लागला.

"मला नाही, कामाला लागलंय! ग्रंथपाल कुठे बसतात?"

"मीच तो."

आमच्या कारखान्यात दवाखान्यातल्या खाटा बनतात. बोल्ट, नट, बिजागऱ्या अशा नेहमीच्या भागांची कॉम्प्युटरमधली सामायिक लायब्ररी तो सांभाळायचा, म्हणून सगळे त्याला ग्रंथपाल म्हणायचे. मी खाली जोडणीत. हे बोल्ट पाच मिलिमीटर जास्त लांब आले होते. खाटेचा कठडा त्यांना अडकून खाली घेताच येत नव्हता. साठ खाटा खोळंबलेल्या, आणि वर बोलणी कुणाला? आम्हाला!

त्याने मला स्क्रीनसमोर बसवलं. "प्रत्येक ड्रॉइंगमध्ये बोल्ट नव्याने काढलेला नसतो. सगळी ड्रॉइंग्ज लायब्ररीतला हा एकच बोल्ट वापरतात. इथे चाळीसचा पंचेचाळीस केला, की सगळीकडे पंचेचाळीस. खरेदीची यादीही त्यावरूनच निघते."

"मग केलात कशाला?"

"मी नाही केला. वेगळं माप हवं तर वेगळा नंबर द्यायचा, जुन्याला हात लावायचा नाही — हा नियम मीच लिहिलाय."

तो इतकं हळू बोलला, की मला आणखीच राग आला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? आई म्हणते, राग नाकावर घेऊनच जन्मले मी. आणि त्याच्या त्या लांब पापण्या... जाऊ दे.

मग आठवडाभर मी रोज वर जात होते. आणखी कुठे कुठे हा बोल्ट घुसलाय, ते दोघं मिळून शोधत होतो. काम अर्ध्या तासाचं असायचं. लागायचे दोन तास.

शुक्रवारी बैठक झाली. डिझाइनचे साहेब म्हणाले, "ग्रंथपालाचा हलगर्जीपणा. दुसरं काय!"

तो मान खाली घालून बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, त्या बोल्टची नोंद उघडा ना. कुणी, कधी बदलला, सगळं दिसतं त्यात. नाव तुमचं आहे. यांनी लेखी विरोध केला होता, तोही आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. "जोडणीवाल्यांनी जोडणी करावी," एवढंच म्हणाले. माफी नाहीच! पण त्याच दुपारी चाळीसचा बोल्ट पूर्ववत झाला आणि पंचेचाळीसला स्वतःचा नंबर मिळाला.

संध्याकाळी तो फाटकाशी थांबला होता.

"तुमची नोकरी गेली असती..."

"गेली असती तर गेली असती! तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसलात, म्हणून मला बोलावं लागलं. आणि आठवडाभर जिने चढतेय मी, ते काय नुसत्या बोल्टसाठी? एवढंही कळत नाही तुम्हाला?"

तो कानापर्यंत लाल झाला. "कळत होतं... विचारायचं धाडस नव्हतं." मग एक मोठा श्वास — "रविवारी नदीकाठी फिरायला येशील?"

"येशील?"

"माफ करा — याल—"

"खबरदार!" मी इतक्या जोरात ओरडले, की रखवालदारानेही वळून पाहिलं. "ते 'येशील' मागे घेतलंत ना, तर जन्मात बोलणार नाही मी तुमच्याशी!"

तो हसला. पहिल्यांदाच, मोकळं.

"येईन," मी म्हटलं. "नऊ वाजता. आणि उशीर केलास तर बघ!"