अहवालात नसलेली ओळ

सर्व्हरच्या खोलीचं दार तिने उघडलं, तर आत एक अनोळखी माणूस तिचाच स्वेटर अंगावर चढवून स्टुलावर बसला होता. जांभळा, कोपरावर उसवलेला, आणि बाह्या कशाबशा त्याच्या मनगटाच्या वीतभर अलीकडे संपलेल्या.

"तो माझा स्वेटर आहे," ती म्हणाली.

"असणारच. माझ्या मापाचा नाही, हे मला पंचवीस मिनिटांपूर्वीच कळलं." थंडीने त्याचे दात वाजत होते. "दार आतून कार्डाशिवाय उघडत नाही, हे कुठे लिहिलंय का हो?"

"बाहेर लिहिलंय."

"हं... बाहेर."

तिला हसू आवरेना. तो मात्र गंभीर चेहऱ्याने उठला, स्वेटरची नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी तिच्या पुढे धरली. बक्षीस समारंभात शाल देतात ना, अगदी तशी. तेवढ्यात त्याला एक जोरदार शिंक आली आणि समारंभाची सगळी शान गेली.

हा मुख्य कचेरीतून आलेला तपासनीस, हे तिला दहा मिनिटांनी कळलं. आणि तो तपासायला आला होता तिची कोठी.

आता कोठी म्हणजे काय, तर ऐका. प्रोग्राम लिहिणारी मंडळी सगळं काही स्वतः लिहीत बसत नाहीत. तारखा मोजणारा तुकडा, बिल छापणारा तुकडा, असे तयार तुकडे घेतात आणि जोडतात. त्यांना म्हणतात पॅकेज. काही पॅकेजं बाहेरच्या जगातून येतात, काही कंपनीची स्वतःची, कुणालाही न दाखवायची. ही सगळी एका खासगी जागी तपासून, नंबर घालून ठेवलेली असतात. कागदोपत्री ती 'रिपॉझिटरी', पण ऑफिसात सगळे म्हणत कोठी, आणि तिला कोठीताई. वयाने मोठे असलेलेही. आई तर नातेवाइकांना सरळ सांगायची, "आमची मुलगी स्टोअर सांभाळते." तिने समजावणं केव्हाच सोडून दिलं होतं.

कोठी बंद पडली की दोनशे माणसांचं काम ठप्प. म्हणून चार वर्षं तिने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. पण आता वरच्या लोकांच्या मनात आलं होतं, हे काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवावं. विभागप्रमुख बाईंनी तिला बोलावून स्पष्टच सांगितलं. "अहवाल चांगला आला तर कोठी इथेच आणि तूही इथेच. नाही आला, तर एक तारखेपासून तुला दुसऱ्या शाखेत जावं लागेल." दुसरी शाखा म्हणजे बसने सहा तास. घर, आई, दादा-वहिनी, सगळं इथे.

त्यामुळे या माणसाशी जेवढ्यास तेवढं बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. ते किती टिकलं? दोन दिवस.

"कुणी एखादं पॅकेज मागितलं आणि तुमच्याकडे नसलं तर?" तो वही उघडून विचारायचा.

"बाहेरून आणते, तपासते, मग देते."

"आणि तुम्हाला टाळून कुणी परस्पर बाहेरून घेतलं तर?"

"घेऊन तर बघावं. मी आहे ना."

तो लिहू लागला. तिने मान उंचावली. "काय लिहिलंत?"

"'मी आहे ना.'"

"खोडा ते."

"का? मला तर हीच यंत्रणा सगळ्यात भक्कम वाटते."

ती उगाचच कीबोर्ड पुसत बसली... स्वच्छच होता तो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातून निघताना तिने तीन वेळा ओढणी बदलली, आणि वहिनी दारातून नुसतीच "हं" म्हणाली. वहिनीचा तो 'हं' तिला चांगलाच ठाऊक होता.

बाराव्या दिवशी त्याने सहज विचारलं, "बॅकअप रोज होतो, हे दिसतंय. पण त्यातून कोठी परत उभी करून पाहिलीत कधी?"

तिने नव्हती पाहिली. रोज सकाळी 'बॅकअप पूर्ण' असा हिरवा शेरा दिसायचा आणि तिचं समाधान व्हायचं.

दुपारी दोघांनी एक रिकामं मशीन घेतलं आणि बॅकअप त्यावर उतरवला. खुर्चीला खुर्ची लावून बसले. त्याच्या बाहीचा तिच्या बाहीला हलकासा स्पर्श होत होता आणि दोघंही सरकत नव्हती. एक तास गेला. अकरा हजार पॅकेजं आली, एकही गहाळ नाही. मग तिने एक मागून पाहिलं. मिळेना. दुसरं मागितलं... तेही मिळेना. नोंदवहीच आली नव्हती. कुठलं पॅकेज कुठल्या नंबरचं, कुणाला द्यायचं, याची सगळी यादी त्या नोंदवहीत. स्वयंपाकघरातले सगळे डबे सारखेच आणि एकावरही चिठ्ठी नाही, अशी गत. तीन वर्षांपूर्वी तिनेच नोंदवही नव्या डिस्कवर हलवली होती, आणि बॅकअपला ती नवी जागा सांगायची राहून गेली होती.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने पाण्याचा ग्लास आणून तिच्यासमोर ठेवला फक्त. तिने दिवस मावळायच्या आत चूक दुरुस्त केली, पुन्हा उतरवून पाहिलं, आणि घरी जाऊन न जेवता झोपली.

दोन दिवसांनी अहवालाचा कच्चा मसुदा त्याने तिच्याकडे पाठवला. तपशील चुकले असतील तर सांगा, असं त्यात लिहिलं होतं. तिने तो दोनदा वाचला आणि दुपारी साडेतीनला लॅपटॉप उचलून थेट त्याच्या टेबलाशी गेली.

"बॅकअपचं यात काहीच नाही. राहून गेलं?"

"राहून गेलं नाही." तो पेनचं टोपण काढघाल करत होता. "लिहिलं नाही."

"का?"

"चूक दुरुस्त झाली आहे ना. आणि लिहिलं तर... कोठी जाईल."

"जाऊ दे की. त्यात तुझं काय जातंय?" रागाच्या भरात अहो-जाहो कधी गळून पडलं, तिला कळलंही नाही.

"तुम्ही जाल," तो हळूच म्हणाला.

तिला खूप आनंद झाला. आणि त्याच क्षणी असा संताप आला की तो आनंद कुठे ठेवावा, तेच कळेना.

"दोनशे माणसं माझ्याकडून पॅकेज घेतात, ती उघडूनही बघत नाहीत. का? तर मी सांगते ते खरं असतं म्हणून. त्यांच्यापासून हे लपवू? आणि मला आवडणारा माणूस पहिल्यांदाच माझ्यासाठी काहीतरी करतो, आणि तेही लपवाछपवीचं—"

ती थांबली. तिचे कान तापले.

"आवडणारा?" त्याने विचारलं.

"विषय बदलू नकोस."

तिने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोरच ती ओळ स्वतः लिहिली. 'तीन वर्षं बॅकअपमध्ये नोंदवही नव्हती. चूक कोठी सांभाळणाऱ्या व्यक्तीची. तपासणीत सापडली, त्याच दिवशी दुरुस्त झाली.' त्याने ती वाचली. बराच वेळ वाचत होता. मग एकही शब्द न बदलता अहवाल छापला आणि खाली सही केली.

"माफ कर," तो म्हणाला. "मी तुला कमी लेखलं."

तिने मान हलवली.

व्हायचं तेच झालं. प्रमुख बाईंनी तिच्या खरेपणाचं कौतुक केलं आणि कोठी बाहेरच्या कंपनीला दिली. आईने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरायला घेतली. तपासनीस अहवालाच्या कामाने मुख्य कचेरीत अडकला होता. रोज फोन यायचा, आज काय जेवलीस, बॅग किती भरली. त्यापुढचं मात्र दोघांपैकी कुणीच बोलायचं नाही.

निघायच्या दिवशी तो बसस्टँडवर आला. तिची बॅग त्याने वर टाकली, खिडकीची जागा पुसली, आणि बस सुटायला दहा मिनिटं असताना दोघं खाली उभी राहिली.

"राग गेला?" त्याने विचारलं.

"थोडा आहे."

"राहू दे थोडा."

ड्रायव्हर चढला. इंजिन सुरू झालं. तिने आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मागायला लोकच तिच्याकडे यायचे. तिने बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"रविवारी... येशील तिकडे?"

त्याने शर्टाच्या खिशातून एक तिकीट काढून तिच्या हातात दिलं. येत्या रविवारचं, तिकडेच जाणारी सकाळी सहाची बस. खाली बारीक अक्षरात तिकीट काढल्याची तारीख आणि वेळ छापलेली होती. तिने ती वाचली, परत वाचली. अहवालात तिने ती ओळ लिहिली, तोच दिवस. दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

"तेव्हा तर मी जाणार हे ठरलंही नव्हतं," ती म्हणाली.

"मी सही केली ना, तेव्हाच ठरलं. माझ्याच सहीने तू एक तारखेला जाणार होतीस. मग काय करणार... खाली उतरलो आणि तिकीट काढलं."

"आणि मी विचारलंच नसतं तर?"

"तर रविवारी दुपारी बारा वाजता तुझ्या दारात न विचारता उभा राहिलो असतो. आणखी थोडी रागावली असतीस."

कंडक्टरने घंटी मारली. तिने तिकिटाची घडी घातली, त्याच्या खिशात परत ठेवली आणि खिशावर हात तसाच ठेवून क्षणभर उभी राहिली.

"हरवू नकोस," ती म्हणाली. "मी बारालाच स्टँडवर येते."